मुठीचं मडकं आणि बांधाचा दगड

आमच्या घरातल्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर माझ्या वडिलांचा जन्म लिहिलेला आहे. त्याखाली आत्याचा बाप्तिस्मा, आणि त्याच्याही खाली ‘काळी म्हैस व्याली, रेडा’. आजोबांना यात काही वावगं वाटत नसे. घरात उंदरांपासून वाचलेला तेवढाच कागद. तो फळीवर फडक्यात गुंडाळून ठेवलेला असायचा, म्हणून जे जपायचं ते सगळं त्याच्यावर लिहायचं. शाळेत पोराचं नाव घालताना मास्तरांनी जन्मतारीख विचारली की आजोबा शास्त्र काखोटीला मारून शाळेत हजर. मधल्या काकांच्या नावापुढे दोन तारखा आहेत. त्यातली खरी कोणती यावर ते रिटायर होईपर्यंत घरात वाद चालला.

आम्ही नगर जिल्ह्यातले, मुळाकाठचे, मूळचे महारवाड्यातले. आमच्याकडे बायबल असं कोणी म्हणत नसे, ‘शास्त्र’ म्हणत. ‘शास्त्रात सांगितलंय’ एवढं म्हटलं की विषय संपला. कुठं सांगितलंय हे विचारायची सोय नव्हती. आजी तर वाचूही शकत नव्हती. वाचायचे आजोबा आणि पाळायची आजी, अशी त्या घरातली कामाची वाटणी होती, असं आता मला वाटतं.

हे शास्त्र घरात आलं कसं, याच्या कथा ज्याच्या त्याच्या वेगळ्या. अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला १८३१ मध्ये आले, ‘ज्ञानोदय’ तिथंच १८४२ मध्ये निघालं, हे पुस्तकातलं झालं. आमच्या घरातलं सांगणं असं की पणजोबांच्या बापाला सावकाराच्या दाराशी बसून बसून कंटाळा आला होता. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, ते लोण नगरकडेही आलं. त्या धामधुमीत आपल्या घराण्याचाही एक कागद जळाला, असं आजोबा मोठ्या आनंदानं सांगायचे. महारवाड्यातल्या माणसाला कर्ज देणारा सावकार कितीसा मोठा असणार, आणि त्याचा कागद तरी कसला, हे मी कधी विचारलं नाही. पण पुढं मिशनच्या शाळेतल्या मास्तरांनी पौलाचं पत्र वाचून दाखवलं. कोणाचं काही देणं ठेवू नका, प्रीतीचं देणं तेवढं राहू द्या, अशा अर्थाचा तो उपदेश. ते ऐकून पणजोबांनी म्हणे जागच्या जागी मांडीवर थाप मारली. आजोबांनी आयुष्यभर उसनं घेतलं नाही ते या थापेमुळं. किराणासुद्धा रोख. पैसे नसले की चहा बिनसाखरेचा.

‘पोटासाठी बाटले’ हे आम्ही लहानपणी पुष्कळ ऐकलं. दुष्काळात बाटले, मिशनच्या दाण्यावर बाटले. आजी त्यावर चिडत नसे. ती म्हणायची, “पोटासाठी म्हंजी? पोट कुणी दिलं मग?” मिशनच्या मडमिणींनी ऐकलं असतं तर त्यांना हे देवज्ञान कितपत मानवलं असतं, कोण जाणे. मला ते अजून बिनतोड वाटतं.

आजीला एक मानलेली मावशी होती. ती केडगावच्या मुक्तीत वाढलेली. मुक्ती म्हणजे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. ही मावशी त्यातल्या गुजरातच्या लोंढ्यातली. आपलं गाव तिला आठवत नव्हतं. एक विहीर आणि विहिरीवरचं पिंपळाचं झाड एवढंच आठवायचं. मुक्तीच्या छापखान्यात ती खिळे जुळवायची. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून शास्त्राचं मराठी करत होत्या, न शिकलेल्या बाईलाही कळावं असं सोपं मराठी, आणि त्यांच्याच मुली ते जुळवून छापत होत्या. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. सगळं शास्त्र छापून बाहेर पडलं १९२४ मध्ये. शेवटची मुद्रितं तपासून होईतो आयुष्य दे, एवढंच त्यांनी देवाकडं मागितलं आणि तेवढंच मिळालं, असं सांगतात. मावशी तोवर लग्न होऊन नगरला आली होती, म्हणजे तिनं पाहिलं ते त्याच्या आधीचं. पण सांगताना ती स्वतःला रमाबाईंच्या उशाशी बसवायची, आणि आम्हीही बसू द्यायचो.

याच मावशीनं आजीला मुठीचं मडकं शिकवलं, असं आजी म्हणायची. आत्याचं म्हणणं, छे, ते तर पाळकबाईंनी सगळ्या मंडळीतल्या बायकांना सांगितलं होतं. कोणाकडून का आलेलं असेना. रीत अशी: जात्यावर बसण्याआधी दळणातली एक मूठ काढून चुलीमागच्या मडक्यात टाकायची. नंतर गिरणी आली तेव्हा डबा डोक्यावर घेण्याआधी. महिन्याच्या शेवटी मडकं देवळात न्यायचं. ख्रिस्ती देवळालाही आम्ही देऊळच म्हणायचो. दशांश आजोबा द्यायचे, पैशात, आणि मंडळीच्या वहीत त्यांच्या नावापुढे लिहिला जायचा. मूठ कुठंच लिहिली जात नसे. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, हा प्रभूचा उपदेश आजोबा कंदिलाच्या उजेडात घसा खाकरून वाचत आणि वहीत नाव बरोबर लिहिलंय ना हेही बघून येत.

१९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होतो. त्या साली आमच्याकडची बाजरी वितभर वाढून करपली. रेशनवर लाल मिलो यायचा, अमेरिकेचा. त्याची भाकरी थापता थापता फुटायची आणि घशाखाली उतरताना खरवडायची. आई आणि काकू खडी फोडायला जायच्या. तिथं सुकडी मिळे, ती त्या पदराला बांधून आमच्यासाठी आणत. अशा दिवसांत आजीनं मिलोचीही मूठ काढली. आजोबा म्हणाले, “अगं, या साली राहू दे. देवाला दिसतंय.” आजी म्हणाली, “त्याला दिसतंय म्हणून तर.” आईला हे पटलं नव्हतं. पोरं उपाशी निजतात आणि सासूबाई मडकं भरतात, असं ती शेजारणीजवळ बोलल्याचं मला आठवतं. मडकं त्या महिन्यात देवळात गेलंच नाही. आजीनं ते पलीकडच्या गल्लीत एका बाळंतिणीकडं पालथं केलं. ते घर १९५६ नंतर बौद्ध झालेलं. पाळकसाहेबांनी मुठीबद्दल विचारलं तेव्हा आजी म्हणाली, “पोचली.”

ती गल्ली आणि आमची गल्ली मुळात एकच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, त्यानंतर आमच्या भावकीतली निम्मी घरं तिकडं गेली. आमच्या घरी नाताळात करंज्या, शेव, अनारसे व्हायचे ते त्यांच्याकडं जात, आणि चौदा एप्रिलला त्यांच्याकडची खीर आमच्याकडं येई. सरकारच्या अनुसूचित जातींच्या यादीत १९५० पासून आम्हाला जागा नव्हती, नंतर त्यांनाही राहिली नाही. त्यांना ती १९९० मध्ये मिळाली, आम्हाला अजून नाही. आजोबा असते तर यावर शास्त्रातून एखादं वचन नक्की काढलं असतं.

सुगीत आमचा हाडोळ्याचा तुकडा सोंगताना एक कोपरा उभा ठेवायचा, ही आजीची दुसरी रीत. शेताच्या कडेचं पीक कापून घेऊ नये, पडलेली कणसं वेचू नयेत, ती परक्यासाठी, पोरक्यासाठी, विधवेसाठी राहू द्यावीत, हे मोशेच्या नियमशास्त्रात आहे. रूथ सरवा वेचायला गेली ती याच आधारानं. आमच्या तुकड्यात सरवा वेचायला पारध्यांच्या बाया यायच्या, मांगवाड्यातली एक म्हातारी यायची. तुकडाच केवढा, त्यात कोपरा तो केवढा! पण आजीचा हिशेब पक्का. आजोबा विळा घेऊन कोपऱ्याकडं वळले की ती बांधावरून ओरडायची, “आवं, ते मपलं न्हाई.”

सगळंच असं सोज्ज्वळ होतं असं मात्र नाही. मंडळीत महारांचे ख्रिस्ती आणि मांगांचे ख्रिस्ती एका सतरंजीवर बसत, प्रभुभोजनात एकाच प्याल्याला ओठ लावत, आणि सोयरिकीचा विषय निघाला की दोन्हीकडचे म्हातारे एकदम खोकायला लागत. सरवा वेचणाऱ्या म्हातारीला आजी घरात बोलवून भाकरी-कोरड्यास वाढायची, पण तिच्या नातवाचं स्थळ आत्यासाठी सुचवलं गेलं तेव्हा आजीनं दोन दिवस तोंड उघडलं नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपलं सोवळं कसकसं सुटत गेलं हे हसतखेळत लिहून ठेवलंय. आमच्या आजीचं काय सुटलं आणि काय राहिलं हे लिहायला तिला अक्षर येत नव्हतं. माझा अंदाज, तिनं ते लिहिलंही नसतं.

टिळक पतिपत्नी राहुरीला राहत असताना पणजोबांनी टिळकांचं कीर्तन ऐकलं होतं, अशी आमच्याकडं वदंता आहे. टाळ-मृदंगावर येशूचं चरित्र ऐकायला शिवाराशिवारातली माणसं जमायची. पणजोबांना म्हणे अर्ध्यातच झोप लागली, पण ते ‘ऐकलं’ असंच सांगत.

सणांत आम्हा पोरांचा आवडता होता हंगामाचा सण. शेतातलं पहिलं जे असेल ते देवळात आणायचं: भोपळे, कणसं, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपदेश चालू असताना कोंबड्या आपापलं बोलत राहायच्या. उपासना झाली की बाहेर लिलाव. एका वर्षी आजीनं तिची लाडकी तुऱ्याची तलंग दिली. उपदेशभर आजोबांचं लक्ष त्या तलंगीकडं. लिलावात त्यांनी बोली चढवत चढवत ती परत विकत घेतली, बाजारभावाच्या दुपटीनं, तीही रोख. घरी येताना आजी पुढं आणि कोंबडी काखेत घेऊन आजोबा मागं. देवाचं देऊन झालं, तलंगही घरी आली, आणि पुढं पंधरा दिवस चहा बिनसाखरेचा.

आता बांधाचं. आमच्या तुकड्याला लागून आजोबांच्या चुलतभावाचा तुकडा. त्यांना सगळे तात्या म्हणत. दर नांगरटीला तात्या बांध दोन बोटं कोरायचे. दोन बोटं म्हणजे काहीच नाही, पण दहा नांगरटींत हातभर. वाडवडिलांनी रोवलेला हद्दीचा दगड सरकवू नये असं शास्त्रात एकदा सोडून अनेकदा आहे, आणि आजोबांना त्या सगळ्या जागा तोंडपाठ झाल्या होत्या. संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत ते हटकून तीच वचनं काढत आणि तात्यांच्या घराकडं तोंड करून, ओसरीच्या कडेला येऊन, वाचत. तात्याही ख्रिस्तीच, तेही आपल्या ओसरीवर येऊन शत्रूवर प्रीती करण्याचा भाग मोठ्यानं वाचत. गल्लीची रोजची करमणूक झाली. शेवटी आजोबांनी दावा लावला.

पाळकसाहेब तीन-चार महिन्यांनी आमच्या गावी येत, तेव्हा प्रभुभोजन व्हायचं. द्राक्षारस म्हणजे मनुका उकळून गाळलेलं पाणी. त्या रविवारी पाळकसाहेबांनी मत्तयातला तो भाग घेतला: अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवावं, आधी जाऊन समेट करावा. काका सांगतात ते असं. आजोबा मध्येच उठले, टोपी सतरंजीवर ठेवली आणि निघून गेले. तात्या त्या दिवशी रुसून घरीच होते. पाळकसाहेब थांबले, मंडळी थांबली. बऱ्याच वेळानं दोघं भाऊ हातात हात घालून दारात उभे, आणि सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी. काका पुढं स्वतः मंडळीत उपदेश करू लागले तेव्हा ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली की टोपीचा रंगही आता ठरून गेलाय.

आत्याचं सांगणं निराळं. ती तेव्हा लहान, आजीच्या पदराला धरून हिंडणारी. तिच्या म्हणण्याप्रमाणं शनिवारी दिवस कलताना आजी हुलग्याच्या शेंगोळ्यांचं पातेलं घेऊन तात्यांच्या घरी गेली. रागावर सूर्य मावळू देऊ नये हे तिला ठाऊक होतं, आणि तात्यांना शेंगोळे आवडतात हेही. दोघी जावा शेतावर गेल्या, कासऱ्यानं बांध मोजला, दगड उपटून त्यांना आठवत होता तिथं पुन्हा ठोकला. मग तात्यांच्या बायकोनं तात्यांना आणि आजीनं आजोबांना आपापल्या घरी एकच निरोप दिला: उद्या समेट नाही तर परवा स्वयंपाक नाही. उपदेशाचा भाग कोणता घ्यायचा हेही पाळकबाईंमार्फत आधीच ठरलं होतं, असा आत्याचा दाट संशय.

दगड अजून तिथंच आहे. दावा मात्र तालुक्याच्या कोर्टात पुढं बरीच वर्षं चालू राहिला, कारण तो काढून घेण्यासाठी वकिलाचे पैसे कोणी भरायचे यावर दोघा भावांचं काही केल्या एकमत होईना.