मिठाचा साबण : प्रथमच करताना तेल आणि तोल सांभाळा

राजूर (ता. भोकरदन, जि. जालना) : तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून साबण होऊ लागला, की तो घट्ट होण्याच्या सुमारास त्यात बारीक मीठ मिसळून जी अंघोळीची वडी तयार करतात, तिला मिठाचा साबण म्हणतात. ही वडी पांढरीशुभ्र आणि दगडासारखी टणक असते. तिचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा नसून सायीसारखा दाट असतो. घरगुती साबणाचा छंद असणाऱ्यांमध्ये ती लोकप्रिय आहे. करण्यास अवघड नाही. मात्र नवशिक्याच्या हातून ती बिघडते ती बहुधा एकाच कारणाने, आणि ते कारण मीठ नव्हे, तेल होय.

राजूरसारख्या गावात हा प्रयोग करू पाहणाऱ्याला प्रथम आठवते ते घरातले तेल. मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात करडई, शेंगदाणा, सरकी आणि अलीकडे सोयाबीन यांचे राज्य आहे. नारळांची तशी वाण नाही. साडेतीन गणेशपीठांत गणल्या जाणाऱ्या राजुरेश्वराला रोज नारळ वाढविले जातात आणि अंगारकीला तर त्यांची गणतीच नसते. परंतु तेल निघते ते ओल्या नारळातून नव्हे, तर वाळलेल्या खोबऱ्यातून, आणि तो धंदा मुख्यतः किनारपट्टीचा. त्यामुळे 'खोबरेल कशाला, करडईचे आहेच की' असा विचार होणे स्वाभाविक आहे. तसे केल्यास वडीला फेस तर येणार नाहीच, शिवाय ती त्वचा पोळणारी होईल.

मीठ हे साबणाचे वैरी

साबण आणि मीठ यांचे मुळात सख्य नाही. साबणाच्या कारखान्यात उकळत्या कढईत मीठ टाकतात, ते साबण पाण्यातून फुटून वर यावा आणि ग्लिसरिनयुक्त पाणी खाली राहावे म्हणून. खारट पाण्यात बहुतेक साबण विरघळतच नाहीत; न विरघळणाऱ्या साबणाला फेस कोठून येणार? याला मोठा अपवाद खोबरेल तेलाचा. या तेलातील जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. त्या लहान साखळीच्या आम्लाचा साबण मिठाच्या पाण्यातही विरघळतो. समुद्राच्या पाण्यात अंघोळ करणाऱ्या खलाशांसाठी म्हणूनच खोबरेल तेलाचा साबण वापरला जात असे. करडईच्या तेलात मोठ्या साखळीचे लिनोलिक आम्ल सुमारे तीन चतुर्थांश असते. त्याचा साबण मऊ होतो आणि मिठापुढे हात टेकतो. प्राण्यांच्या चरबीच्या साबणाचीही तीच गत. (चरबी टाळून केवळ वनस्पती तेलांचा साबण मुंबईच्या अर्देशिर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस बाजारात आणला, तो इतिहास मोठा असून येथे त्याचा नुसता उल्लेख पुरे.)

राजूर परिसराचा खडक दख्खनचा काळा बेसाल्ट. त्यातील विहिरी आणि बोअरचे पाणी बहुधा कठीण, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे असते. या क्षारांशी साबणाचा चोथा होतो आणि तो बादलीच्या कडेला चिकटतो. खोबरेलाचा साबण अशा पाण्यातही त्यातल्या त्यात बरा चालतो. चोथा मात्र त्याचाही होतोच.

माप

पहिल्या खेपेस ५०० ग्रॅम खोबरेल तेल, ७३ ग्रॅम कॉस्टिक सोडा, १५० ग्रॅम शुद्ध पाणी आणि २५० ग्रॅम बारीक मीठ हे प्रमाण पुरेसे आहे. ५०० ग्रॅम खोबरेल तेलाचा संपूर्ण साबण होण्यास सुमारे ९१ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. येथे तो मुद्दाम सुमारे २० टक्के कमी घेतला आहे, कारण निव्वळ खोबरेलाचा साबण त्वचेचा स्निग्धांश फार ओरबाडतो; वडीत थोडे तेल तसेच मागे राहिले, तर ती सौम्य होते.

आता याच मापात कोणी करडईचे किंवा शेंगदाण्याचे ५०० ग्रॅम तेल घातले, तर काय होईल? या तेलांना पूर्ण साबणासाठीच साधारण ६६ ते ७० ग्रॅम कॉस्टिक सोडा पुरतो. म्हणजे ७३ ग्रॅममधील काही भाग मोकळाच वडीत राहील आणि अंघोळीच्या वेळी अंगाला लागेल. तेल बदलले, की कॉस्टिकचे माप नव्याने काढलेच पाहिजे. वाटी-चमच्याच्या अंदाजाला येथे थारा नाही. एका ग्रॅमपर्यंत दाखविणारा इलेक्ट्रॉनिक काटा हवाच.

खोबरेल घेतानाही बाटलीवरील मजकूर वाचावा. केसांसाठीच्या अनेक सुगंधी तेलांत खनिज तेल असते, आणि खनिज तेलाचा साबण होत नाही. खाद्य खोबरेल तेलच घ्यावे. २०२५ मध्ये त्याचे भाव कडाडले होते, तेव्हा पहिला घाणा छोटा असलेला बरा.

मीठ साधे, बारीक दळलेले चालते. खडेमीठ तसेच घातल्यास अंग खरचटते. सैंधव बारीक करून घालता येते. पादेलोण मात्र नको, त्याचा गंधकी वास अंघोळीला शोभणारा नाही. इप्सम सॉल्ट तर मुळीच नको. त्यातील मॅग्नेशियम साबणाचाच चोथा करते. पाणी बोअरचे न घेता डिस्टिल्ड घ्यावे. बॅटरीच्या दुकानात ते मिळते, पण त्याच फळीवर आम्लाच्या बाटल्याही असतात, म्हणून लेबल दोनदा पाहावे.

कृती आणि खबरदारी

या कामातील खरा धोका कॉस्टिक सोड्याचा. चष्मा, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, मुले व जनावरे दूर ठेवून, मोकळ्या हवेत काम करावे. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचे असावे. घरोघरी 'जर्मन' म्हणून ओळखली जाणारी अ‍ॅल्युमिनियमची पातेली वर्ज्य. कॉस्टिक त्यांना खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. कॉस्टिक पाण्यात थोडा थोडा सोडावा. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये, ते उसळते. द्रावण चटकन अतिशय तापते, त्याची वाफ हुंगू नये.

द्रावण कोमट झाल्यावर ते कोमट तेलात ओतून हँड ब्लेंडर थांबत थांबत फिरवावा. खोबरेल तेल २४-२५ अंशांखाली गोठते, म्हणून जालन्याच्या थंडीत ते आधी पातळ करून घ्यावे लागते. मिश्रण बासुंदीइतके दाट झाले आणि वर टाकलेली धार क्षणभर उमटून राहिली, की मीठ घालून ढवळावे व लगेच साच्यांत ओतावे. इतर साबण दुसऱ्या दिवशी कापतात. हा तासा-दोन तासांतच इतका कठीण होतो, की उशीर झाल्यास सुरीखाली वडीचा भुगा पडतो. नवशिक्याने कापण्याच्या भानगडीत न पडता एकेका वडीचे सिलिकॉनचे साचे वापरावेत. तयार वड्या हवेशीर जागी किमान ४ ते ६ आठवडे मुरू द्याव्यात.

कॉस्टिक अंगावर उडाल्यास वाहत्या पाण्याखाली १५ ते २० मिनिटे धुवावे. व्हिनेगर किंवा लिंबू चोळण्याचा सल्ला ऐकू नये. डोळ्यात गेल्यास धुणे न थांबविता दवाखाना गाठावा. चुकून गिळल्यास उलटी करवू नये, तातडीने रुग्णालयात न्यावे. उरलेला कॉस्टिक पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणे हा सर्वांत घातक प्रकार. मूल ती बाटली तोंडाला लावते.

मिठाच्या साबणाने त्वचारोग बरे होतात, शरीरातील 'विष' निघते, असे दावे ऐकू येतात. त्यांवर विसंबू नये. कोरडी त्वचा, ताज्या जखमा आणि तान्ही मुले यांच्यासाठी हा साबण नाही.

वड्या विकायच्या असल्यास प्रकरण निराळे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. त्यातील सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येतून पूर्वी साबण वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. आज विक्रीसाठी साबण बनविण्यास सौंदर्यप्रसाधने नियम २०२० नुसार परवाना लागतो, आणि राज्यात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. बचत गटांनी मालाची जाहिरात करण्यापूर्वी ही चौकशी करावी.

वापरताना वडी जाळीच्या साबणदाणीत ठेवावी. मुरलेल्या वडीच्या वजनात चौथ्या हिश्शाहून अधिक मीठच असते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला जसे पाणी सुटते, तसे या वडीलाही सुटते. त्या दिवसांत न वापरलेल्या वड्या कागदात गुंडाळून बंद डब्यात ठेवाव्यात.