तापट घोडा आणि हौशी स्वार

ठाणें, कल्याण किंवा डोंबिवली येथील आजच्या मध्यमवर्गीय कुटुंबाला घोडा भेटतो तो बहुधा लग्नाच्या वरातींत. बँडचा गजर, फटाक्यांचा धूर आणि नाचणाऱ्या मंडळींची दाटी यांत तो मान खालीं घालून उभा असतो. पाठीवरच्या नवरदेवाला स्वारी येते कीं नाहीं याची त्याला फिकीर नसते. त्यामुळें घोडा हा स्वभावतःच गरीब प्राणी, असा आपला समज होऊन बसला आहे. परंतु ज्याच्यासाठीं व्यापाऱ्यांनीं समुद्र ओलांडले आणि राजांनीं खजिने रिकामे केले, तो घोडा निराळा. वाऱ्याच्या झुळकेनें कान टवकारणारा, पान हललें तरी बिचकणारा आणि एकदां पाय उचलला कीं आवरतां आवरेना असा तो तापट घोडा होय. अशा घोड्यावर पोटासाठीं नव्हे, तर केवळ आवडीनें बसणारा स्वार म्हणजे हौशी स्वार. या दोघांची कसोटी पाहणारी एक स्पर्धा आहे. इंग्रजींत तिला ईव्हेंटिंग म्हणतात, आपण तिला त्रिदिवसीय अश्वस्पर्धा म्हणूं. तिच्यांतील मूळचा प्रश्न मात्र तिच्याहून फार जुना आहे, आणि तो आपल्या ठाणें-कल्याणच्या व मराठी पागेच्या इतिहासालाहि चिकटलेला आहे.

प्रथम स्पर्धेचें स्वरूप सांगितलें पाहिजे. तिचे भाग तीन. घोडा तोच, स्वारहि तोच. पहिल्या भागास ड्रेसाज म्हणतात. साठ मीटर लांब व वीस मीटर रुंद अशा आंखीव रिंगणांत घोड्यानें कदम, दुडकी आणि दौड या चाली नेमक्या जागीं बदलावयाच्या, वर्तुळें घ्यावयाचीं आणि सांगतांच स्तब्ध उभें राहावयाचें. दुसरा भाग मोकळ्या रानांतील दौडीचा. ओंडके, चर, पाण्याचे डोह व चढउतार ओलांडीत ठराविक वेळांत कित्येक हजार मीटरांचें अंतर कापावयाचें. वेळ टळली तर दर सेकंदास ०.४ दंडगुण, घोडा एखाद्या उडीपुढें अडला तर एकदम २०. तिसऱ्या भागांत पुन्हां रिंगणांत येऊन सैल ठेवलेल्या दांड्यांवरून उड्या घ्यावयाच्या. दांडी पडली कीं ४ दंडगुण. शेवटीं ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो विजयी.

यांतील खुबी अशी कीं, दुसऱ्या दिवसाची तयारी हीच पहिल्या दिवसाची अडचण होते. आठदहा मिनिटें भरधाव पळून दर उडीला झेप घेणारा घोडा तयार करावयाचा, तर त्याचा दमसास वाढवावा लागतो आणि त्याला पोटभर दाणा द्यावा लागतो. असा टंच भरलेला घोडा पहिल्या दिवशीं रिंगणांत शांतपणें चालावा, ही अपेक्षा उकळत्या पाण्याला झांकण न हलवितां राहण्यास सांगण्यासारखी आहे. पूर्वीं रानांतील दौडीच्या आधीं लांबच्या रस्त्यांवरील रपेट व एक वेगवान शर्यतहि असे, आणि तापट घोड्याची वाफ त्यांत थोडी निघून जाई. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून हे भाग वगळले गेले. घोड्यावरचा ताण त्यामुळें कमी झाला, परंतु तापट घोड्याच्या स्वारापुढील कोडें कांहीं सुटलें नाहीं.

हें कोडें आजचें नाहीं. ग्रीक लेखक झेनोफोन यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत अश्वारोहणावर एक ग्रंथ लिहिला, आणि तापट घोड्यासाठीं त्यांत स्वतंत्र प्रकरण घातलें. माणसांत जसा क्रोध, तशी घोड्यांत तेजी, अशी त्याची तुलना आहे. ज्याला बोलून वा करून डिवचलें नाहीं तो माणूस जसा रागावत नाहीं, तसा न डिवचलेला घोडा पेटत नाहीं, असा त्याचा अभिप्राय. म्हणून त्याच्यावर हलकेच बसावें, आरंभ सावकाश करावा, अचानक कांहीं मागूं नये, खरबरीत लगामापेक्षां गुळगुळीत लगाम बरा, असें तो सांगतो. आपल्या दख्खनेंतहि या विद्येची उपेक्षा झालेली नव्हती. बाराव्या शतकांत चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें वाजिवाह्यालीविनोद हें एक प्रकरण आहे. घोड्यांची पारख, त्यांना चाली शिकविणें आणि घोड्यावरून चेंडू खेळणें यांचें वर्णन त्यांत आढळतें. या राजाची राजधानी कल्याणी ही आतांच्या कर्नाटकांतील. ठाण्याशेजारचें कल्याण तें नव्हे.

आपल्या किनाऱ्याचा घोड्याशीं संबंध आला तो मात्र पालनकर्ता म्हणून नव्हे, तर वाटेवरचा नाकेदार म्हणून. कोंकणची दमट हवा व भातखाचरांची जमीन उमद्या घोड्याला मानवणारी नाहीं. तरीहि अरबस्तान व इराणकडून जहाजांतून येणाऱ्या घोड्यांची वाट याच समुद्रांतून होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो यानें ठाण्याच्या राज्याविषयीं जें लिहून ठेवलें आहे, तें वाचून ठाणेंकरांस हसावें कीं लाजावें हें कळूं नये. येथील राजाचा चांच्यांशीं करार होता, असें तो म्हणतो: लुटींत जे घोडे सांपडतील ते राजाचे, आणि बाकीचा सारा माल चांच्यांचा. सोनेंनाणें सोडून राजानें घोडे मागावेत, यावरून त्यांचा तुटवडा केवढा असेल हें दिसून येतें.

त्याच प्रवाशानें दक्षिणेकडील माबर प्रांताविषयीं लिहिलेली हकीकत अधिक मननीय आहे. तेथील राजे दरसाल हजारों घोडे अफाट किंमतीला विकत घेत. पण वर्षअखेर त्यांतले थोडेच जिवंत राहत, कारण घोडा सांभाळण्याची विद्या तेथें कोणालाच नव्हती. नालबंद नव्हते, आणि घोडे विकणारे व्यापारी मुद्दाम कोणा नालबंदास तिकडे जाऊं देत नसत, कारण घोडे मेले तरच पुढच्या वर्षीं नवे खपणार! पैशानें घोडा मिळतो, पण पैशानें स्वार होतां येत नाहीं, याचा याहून चांगला दाखला मिळणें कठीण.

मराठ्यांनीं हा धडा पुरता ओळखला होता. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेऊन उत्तर कोंकणांत पाय रोवला, त्या सुमारास त्यांचें घोडदळ वाढत होतें. सभासदाच्या बखरींत पागेची जी रचना दिली आहे, तींत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि दर पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद नेमल्याचें सांगितलें आहे. माबरच्या राजांना जें सुचलें नाहीं, तें येथें नियमांत बसविलें गेलें. सामान्यतः १६७४ सालचें मानलें जाणारें, चिपळुणाकडील छावणीच्या जुमलेदारांना लिहिलेलें महाराजांचें पत्रहि याच दृष्टीनें वाचावें. रयतेला काडीचाहि त्रास देऊं नये, या ताकिदीसाठीं तें प्रसिद्ध आहे. परंतु त्याचा मोठा भाग घोड्यांच्या वैरणीचा आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व गवत आतांच उधळाल, तर भर पावसांत घोडे उपाशीं मरतील आणि तें पाप तुमच्या माथीं बसेल, असा त्याचा आशय. गवताच्या गंजीजवळ चुलीची आग वा दिव्याची वात राहूं नये, इतक्या बारीक गोष्टीपर्यंत राजाचें लक्ष गेलें आहे. भीमेच्या खोऱ्यांतील काटक भीमथडी घोड्यांनीं पुढें दूरदूरचे मुलूख तुडविले, त्यामागें या नालबंदांचा आणि गवताच्या गंजींचा वांटा मोठा आहे. या भीमथडीस स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता अलीकडे २०२४ सालीं मिळाली.

आतां प्रस्तुत विषयाच्या गाभ्याकडे वळूं. मराठी घोडदळांत स्वार दोन प्रकारचे होते. बारगिराला घोडा व हत्यार सरकारांतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. शिलेदाराचा घोड्यावर जीव असणारच, कारण घोडा हीच त्याची दौलत. परंतु याच जिव्हाळ्यांत त्याचें दुबळेपण होतें. रणांत घोडा पडला तर शिलेदार एका क्षणांत भिकेस लागे. म्हणून ऐन धुमश्चक्रींत तो घोड्याला जपूं लागतो, अशी तक्रार मराठी फौजांविषयीं लिहिणाऱ्या परकीयांनीं केलेली आढळते. बारगिराला ही धास्ती नसे. म्हणूनच पागेची शिस्त ही मुख्य आणि शिलेदारांनीं पागेच्या हुकमांत वागावें, असा शिवकालीन दंडक होता. शिलेदारीची ही प्रथा इंग्रजांनींहि आपल्या हिंदी रिसाल्यांत उचलली. पहिल्या महायुद्धांत पडलेल्या घोड्यांची भरती या पद्धतीनें होईना, तेव्हां १९२१ च्या सुमारास तिचा शेवट झाला.

त्रिदिवसीय स्पर्धा जन्मली तीहि फौजेंतच. १९१२ सालीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्यें ती प्रथम आली, तेव्हां तिचा हेतु लष्करी अधिकाऱ्याचा घोडा व त्याचा स्वार यांची परीक्षा घेण्याचा होता. गंमत अशी कीं, त्या काळीं ‘हौशी’ या शब्दाचा अर्थ हुद्द्यावरून ठरे. अधिकारी घोड्यावर बसला तर तो हौशी. साधा सार्जंट बसला तर तो धंदेवाईक! १९४८ सालीं लंडनमध्यें स्वीडनच्या संघानें ड्रेसाजचें सुवर्णपदक जिंकलें. त्यांतील गेनाल पेर्सन हा मूळचा सार्जंट; स्पर्धेपुरता त्याला लेफ्टनंट केला होता. ही गोष्ट उघडकीस येतांच पुढील वर्षीं संघाचें पदक काढून घेण्यांत आलें. १९५२ पासून हा निर्बंध उठला आणि पेर्सननें स्वीडनच्या संघांतून तेंच पदक उजळ माथ्यानें पुन्हां मिळविलें. त्रिदिवसीय स्पर्धेचीं दारें स्त्रियांना उघडलीं तीं त्याहून उशीरां. १९६४ सालीं टोकियो येथें अमेरिकेची लाना ड्यू पाँट ही दौडींत दोन वेळां घोड्यासकट पडूनहि स्पर्धा पुरी करती झाली आणि तिच्या संघानें रौप्यपदक मिळविलें.

आपल्या देशांतील हकीकतहि याच वळणानें गेली आहे. संस्थानी रिसाले एकत्र करून १९५३ सालीं ग्वाल्हेर येथें जें घोडदळ उभारलें गेलें, तेंच पुढें एकसष्टावी कॅव्हलरी म्हणून प्रसिद्धीस आलें. शिंद्यांच्या ग्वाल्हेरचा रिसाला त्यांत होता, ही मराठी वाचकाला सुखविणारी गोष्ट. याच पलटणींतले रघुबीर सिंग यांनीं १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेंत शाहजादा नांवाच्या घोड्यावर त्रिदिवसीय स्पर्धेचें वैयक्तिक सुवर्णपदक जिंकलें. ते शिपाईवर्गांतून वर आलेले होते. १९४८ चा नियम असता तर त्यांना स्पर्धेंत उभेंहि राहतां आलें नसतें.

नागरी स्वारांसाठीं मुंबईंत १९४२ पासून अमॅच्युअर रायडर्स क्लब ही संस्था महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर आहे. अशा ठिकाणीं हौशी स्वाराच्या वाट्याला पुष्कळदां शर्यतींतून निवृत्त झालेला घोडा येतो. दुसऱ्याच्या पुढें पळत सुटणें हीच ज्याला लहानपणापासून शिकवण, त्याला आतां एकट्यानें वर्तुळांत संथ दुडकी शिकवावयाची! दाणा कमी करून वैरण वाढविणें, दररोज त्याच वेळीं त्याच माणसानें खरारा करणें, चाल वारंवार बदलून त्याचें लक्ष आपल्याकडे ओढणें, आणि तो उसळला तरी लगाम न हिसकणें, असे महिनेच्या महिने जातात, तेव्हां कोठें तो रिंगणांत मान सैल सोडतो.

याच मुंबईचे इम्तियाज अनीस यांनीं २००० सालीं सिडनी ऑलिंपिकमध्यें स्प्रिंग इन्व्हेडर या घोड्यावर ही स्पर्धा पुरी केली. त्यानंतर वीस वर्षें एकहि भारतीय स्वार ऑलिंपिकला पोंचला नाहीं. २०२१ मध्यें भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्यें बंगळूरचे फौआद मिर्झा हे सेन्यॉर मेडिकॉट या घोड्यावर उतरले. ड्रेसाजनंतर २८ दंडगुणांवर ते नवव्या स्थानीं होते. रानांतील दौडींत घोडा एकाहि उडीला अडला नाहीं; केवळ २८ सेकंद उशीर झाला आणि ११.२० दंडगुण चढले. रिंगणांतील उड्यांनंतर ते तेविसावे आले. अठ्ठावीस सेकंद म्हणजे दोनचार वळणांवर घेतलेली सावधगिरी. घोड्याला किती जपावें आणि किती सोडावें, हा शिलेदाराचा जुना प्रश्न दर वळणावर उभा राहतो, आणि त्याचें उत्तर तेथल्या तेथें द्यावें लागतें.

आम्हांस वाटतें, हौशी स्वार हा आजच्या काळचा शिलेदार आहे. घोडा त्याचा, खर्च त्याचा, आणि अपघात झाला तर हानीहि त्याचीच. नोकरीधंदा सांभाळून, पहांटे उठून तो पागेंत जातो. त्याला पगार नाहीं कीं बढती नाहीं. या जिव्हाळ्याचें मोल मोठें आहे, पण तापट घोड्याला तो एकटा पुरत नाहीं. धन्याच्या मनांतली धास्ती लगामावाटे घोड्याच्या तोंडापर्यंत पोंचते, त्याची मूठ आवळते, आणि आवळलेल्या मुठीखालीं तापट घोडा अधिकच पेटतो. मग ‘घोडा वाईट’ असा शिक्का मारून तो विकला जातो. अनेक चांगल्या घोड्यांचें नशीब असें फुटलें असेल.

यावर उपाय जुनाच आहे: शिलेदारानें पागेच्या हुकमांत वागावें. म्हणजे जीव आपल्या घोड्यावर ठेवावा, पण दिनक्रम, शिक्षकाची आज्ञा आणि नालबंदाचा सल्ला यांपुढें आपली हौस व आपलें भय दोन्ही बाजूस सारावीं. पैसा असूनहि माबरच्या राजांचे घोडे मेले, आणि चांच्यांच्या आडून मिळविलेल्या घोड्यांनीं ठाण्याच्या राजाला कीर्ति आणून दिल्याचें कोठें ऐकिवांत नाहीं. दर पंचवीस घोड्यांमागें एक नालबंद नेमणाऱ्यांचे घोडे मात्र अटकेपर्यंत जाऊन आले.