चमच्याच्या पाठीवरचा सिंह

मानकोलीत बोलायचं म्हटलं की गोदामांची आठवण येतेच. इथल्या मंडळींना खोकं न उघडता लेबलवरून कळतं, की माल कुणी बनवला, कधी बनवला, कुठून निघाला. आज आपण असंच एक लेबल वाचणार आहोत. फक्त ते तांदळाच्या दाण्याएवढं आहे आणि चांदीच्या चमच्याच्या मागे ठोकलेलं आहे.

आम्हाला अधूनमधून एक प्रश्न येतो: "घरात सिंहाचा शिक्का असलेला डच चमचा आहे. वेंगुर्ल्याच्या वखारीतला असेल का?" डचांनी वेंगुर्ल्यात १६३७ साली वखार घातली, तिचे अवशेष आजही आहेत. त्यामुळे असं वाटणं स्वाभाविक आहे. पण उत्तर शिक्क्यांनी द्यायचं, आपल्या इच्छेनं नाही.

नुसता सिंह जुन्या डच चांदीवरही सापडतो. म्हणून त्याच्या शेजारी १ किंवा २ हा आकडा आहे का, ते भिंगातून पाहा. ही पद्धत १८१४ ची. तेव्हापासून १९५३ पर्यंत १ म्हणजे हजारात ९३४ भाग चांदी, २ म्हणजे ८३३. लहान चमच्यांवर बहुधा सिंहाऐवजी छोटी तलवार असते. आता हिशेब करा. डच ईस्ट इंडिया कंपनीच १७९९ च्या अखेरीस संपली. मग आकड्याचा सिंह असलेला चमचा तिच्या वखारीत असणार कसा? वखारीच्या काळातल्या चांदीवर शहराची खूण अपेक्षित असते: ॲमस्टरडॅमचे तीन फुलीसारखे क्रॉस, हेगचा करकोचा.

सिंहाबरोबर आणखी तीन खुणा शोधायच्या. शिरस्त्राण घातलेलं मिनर्व्हा देवीचं डोकं म्हणजे तपासणी कचेरी. त्यावरचं बारीक अक्षर A असेल तर ॲमस्टरडॅम, B असेल तर उट्रेक्ट. स्वतंत्र अक्षर वर्ष सांगतं. अक्षरं संपली की पुन्हा A पासून सुरुवात होते, म्हणून अक्षराचं वळणही बघावं लागतं. तिसरी खूण कारागिराची, बहुधा आद्याक्षरं आणि एखादं चिन्ह. ती सरकारी नोंदवहीत नोंदलेली असते. कारागिराची नोंद आणि वर्षाचं अक्षर एकमेकांशी जुळलं, तरच ओळख पक्की धरायची. जुळलं नाही, तर वाचन चुकलं किंवा वस्तूत गडबड आहे.

गडबड असतेही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जहाजं, पवनचक्क्या कोरलेले शोभेचे चमचे निघाले, त्यांवर जुन्यासारखे दिसणारे शिक्के मारले गेले. आणि नुसतं ९० किंवा १०० लिहिलेलं असेल तर ती शुद्धता नव्हे. तो मुलाम्याला लागलेल्या चांदीचा आकडा, आत दुसराच धातू.

आता यात आपलं काय अडलंय? सराफाकडे ८३३ ची चांदी हिणकस ठरते, वजनावर मोडीत जाते आणि मुशीत शिक्काही वितळतो. दुसरीकडे, खात्री न करता "वखारीतला चमचा" म्हणून मिरवला, तर कोकणच्या इतिहासात एक खोटा पुरावा घुसतो. दोन्हीकडे नुकसान आपलंच.

म्हणून विनंती एवढीच. असा चमचा घरात असेल तर राखेनं किंवा पावडरीनं घासू नका, शिक्के झिजतात. तिरप्या उजेडात फोटो काढा, वजन लिहून ठेवा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, हा कुठून आला. शिक्का तो कुठे घडला ते सांगेल. आपल्या घरी कसा पोहोचला, हे तेच सांगू शकतील.