सत्तेचाळिसावे गुणसूत्र कोणी मोजले?

मानवी पेशीत ४८ नव्हे, ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ साली ट्यियो आणि लेव्हान यांनी दाखवले. मूळ आकडा पक्का झाल्यावरच अधिकचे गुणसूत्र ओळखता येणार होते.

पॅरिसच्या त्रूसो रुग्णालयात डॉ. मार्थ गोतिए यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. त्यासाठी स्वतःचे रक्त वापरले, कोंबडा पाळला. डाउन सिंड्रोम असलेल्या बालकाच्या पेशींत ४७ गुणसूत्रे आढळली. मात्र छायाचित्र घेण्याजोगा सूक्ष्मदर्शक त्यांच्याकडे नव्हता. काचपट्ट्या सहकारी जेरोम लेज्यून घेऊन गेले.

जानेवारी १९५९ च्या शोधनिबंधात पहिले नाव लेज्यून यांचे. गोतिए दुसऱ्या, तेही चुकीच्या वर्तनीत. (मुद्रणदोष म्हणावा, तर नेमका त्यांच्याच नावात?)

‘इन्सर्म’ या फ्रेंच संशोधनसंस्थेच्या नीतिसमितीने गोतिए यांचा निर्णायक वाटा मान्य केला, तो २०१४ मध्ये. तेव्हा त्या ८९ वर्षांच्या होत्या. लेज्यून यांना जाऊन २० वर्षे झाली होती.