मुंबईतील जुन्या चाळी आणि दुरुस्ती-उपकर : एका शासकीय जबाबदारीचा इतिहास

नगरांचा इतिहास लिहिताना इमारती कोणी व कधी बांधल्या याची नोंद आपण तपशिलाने करतो. परंतु त्या पुढे कोणी राखल्या, त्यांच्या कुजलेल्या तुळया कोणाच्या खर्चाने बदलल्या गेल्या, हा प्रश्न बहुधा इतिहासाच्या कक्षेबाहेर राहतो. वस्तुतः नगरातील सामान्य माणसाचे जीवन बांधणीपेक्षा राखणीवरच अधिक अवलंबून असते. मुंबई बेटावरील खाजगी भाडेकरू-इमारतींच्या दुरुस्तीची जबाबदारी राज्यशासनाने १९६९ साली कायद्याने स्वतःकडे घेतली. ही घटना भारतीय नगरशासनाच्या इतिहासात विशेष महत्त्वाची होय. ती कोणत्या कारणांनी घडली, तिचा कारभार कसा चालला आणि तीतून कोणते प्रश्न उद्भवले, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

प्रथम या इमारतींचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्या व बंदर यांच्या वाढीबरोबर कोकण, देश व गुजरात येथून श्रमिकांचा ओघ मुंबईत आला. त्यांच्या निवाऱ्यासाठी गिरगाव, भुलेश्वर, मांडवी, उमरखाडी, परळ, लालबाग या भागांत खाजगी मालकांनी चाळी उभारल्या. १८९६ साली प्लेगची साथ आली आणि दाट वस्तीचा प्रश्न ऐरणीवर आला. १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. १९२० नंतर विकास विभागाने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. तथापि बहुसंख्य कष्टकऱ्यांचा निवारा खाजगी चाळींतच राहिला. विटांच्या भिंती, सागवानी खांब व तुळया, लाकडी जिना, समोर सामायिक गॅलरी आणि टोकाला सामायिक संडास, अशी त्यांची सर्वसाधारण रचना होती. ही रचना निकृष्ट नव्हती. मात्र लाकूड कोरडे राहील आणि कौले दरवर्षी चाळली जातील या गृहीतावर ती उभी होती. मोरीचे पाणी भिंतीत मुरू लागले की तुळईचे भिंतीतील टोक प्रथम कुजते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

हे गृहीत ढळण्यास भाडेनियंत्रण हे एक मोठे कारण झाले. पहिल्या महायुद्धात घरभाडी भडकली तेव्हा १९१८ साली मुंबईत युद्धकालीन भाडेनिर्बंध आले. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी १९३९ मध्ये ते पुन्हा लागू झाले, आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने त्यांस व्यापक रूप दिले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे, असे या कायद्याचे मूलसूत्र होते. भाडेकरूंना उघड्यावर येण्यापासून या कायद्याने वाचविले, हे निर्विवाद आहे. त्याच कायद्याने घर राहण्याजोगे राखण्याचे कर्तव्य मालकावर ठेवले होते. परंतु उत्पन्न १९४० च्या भाड्याने बांधलेले, आणि चुना, लाकूड व गवंड्याची मजुरी चालू बाजारभावाने, अशी विसंगती निर्माण झाली. मालकाने दुरुस्ती टाळावी, आणि इमारत पडल्यास जमीन मोकळी होते म्हणून त्याला त्याचे विशेष दुःखही नसावे, अशी स्थिती उद्भवली. सर्वच मालक या वृत्तीचे होते असे नव्हे. कित्येकांचे स्वतःचे बिऱ्हाड त्याच चाळीत होते आणि त्यांची मिळकतही बेताचीच होती.

महानगरपालिकेस १८८८ च्या अधिनियमातील ३५४ व्या कलमानुसार धोकादायक इमारतीविषयी नोटीस देऊन ती दुरुस्त करविण्याचा वा पाडून टाकण्याचा अधिकार होता. परंतु हा अधिकार आज्ञेचा होता, साहाय्याचा नव्हता. मालक पैसे घालीत नाही, भाडेकरूंची ऐपत नाही, आणि इमारत रिकामी करावी तर जावयास जागा नाही, या त्रांगड्यात नोटीस ही केवळ पूर्वसूचना ठरे. पावसाळ्यात इमारती कोसळण्याचे प्रकार वारंवार होऊ लागले, तेव्हा शासनाने या प्रश्नाच्या अभ्यासासाठी बेडेकर समिती नेमली. त्यानंतर १९६९ साली मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा संमत झाला.

या कायद्यामागील विचार समजून घेण्यास एक तुलना उपयुक्त ठरेल. अमेरिकेत १९६५ च्या गृहनिर्माण कायद्याने कमी उत्पन्नाच्या, स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकांना घरदुरुस्तीसाठी अनुदान देण्याची तरतूद केली. तेथे साहाय्याचा पात्र कोण हे ठरविणे सोपे होते: घर ज्याचे, राहणारा तोच, आणि गरजूही तोच. मुंबईत हे तीन धागे वेगवेगळ्या हातांत होते. घर एकाचे, वास्तव्य दुसऱ्याचे. आणि पागडी देऊन खोली घेण्याच्या रूढीमुळे भाडेकरूही मनाने व व्यवहाराने अर्धा मालकच. अशा वेळी अनुदान कोणाच्या हाती द्यावे? १९६९ च्या कायद्याने यावर काढलेला मार्ग असा की, पैसा कोणाच्याच हाती न देता शासनाने नेमलेल्या मंडळाने स्वतःच दुरुस्ती करावी, आणि त्यासाठी इमारतींवर उपकर बसवावा. महानगरपालिकेने मालमत्ताकराबरोबर हा उपकर वसूल करावयाचा, आणि राज्यशासन व महानगरपालिका यांनी त्यात आपली भर घालावयाची, अशी योजना होती.

उपकरप्राप्त इमारतींचे त्यांच्या वयानुसार तीन वर्ग करण्यात आले. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या 'ब' वर्गात आणि १९५१ पासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क' वर्गात येतात. मूळ गणनेप्रमाणे 'अ' वर्गात १६,५०२, 'ब' वर्गात १,४८९ व 'क' वर्गात १,६५१ अशा एकूण १९,६४२ इमारती होत्या. दर शंभरांतील सुमारे ८४ इमारती 'अ' वर्गातील होत्या, ही गोष्ट लक्षणीय आहे. मंडळाच्या हाती आलेली इमारतसंपदा आरंभापासूनच वार्धक्याला पोचलेली होती, असा याचा अर्थ होतो.

या योजनेचा एक आंतरिक दोष येथे नमूद करणे अगत्याचे आहे. उपकर आकारावयाचा तो इमारतीच्या करपात्र मूल्यावर. करपात्र मूल्य ठरावयाचे ते अपेक्षित वार्षिक भाड्यावर. आणि भाडे तर १९४० च्या पातळीवर गोठलेले. ज्या कारणाने मालक दुरुस्ती करू शकत नव्हता, त्याच कारणाने उपकराचे उत्पन्नही तोकडे राहिले. परिणामी मंडळाची मदार उत्तरोत्तर शासकीय अंशदानावर पडत गेली.

प्रत्यक्ष कारभाराची रीत अशी होती. विभागवार कार्यकारी अभियंत्यांची कार्यालये स्थापन झाली. पावसाळ्यापूर्वी इमारतींची पाहणी करावयाची, अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करावयाची, तातडीच्या ठिकाणी टेकू लावावयाचे आणि उरलेल्यांचा क्रम लावावयाचा, असे वार्षिक चक्र ठरून गेले. मंडळाचे काम संरचनात्मक दुरुस्तीपुरते मर्यादित होते: भार पेलणाऱ्या भिंती, खांब, तुळया, तक्तपोशी, जिने, छप्पर, संडास. कुजलेल्या सागवानाच्या जागी लोखंडी तुळया आल्या आणि पुढे सिमेंट काँक्रीटही आले. खोलीच्या आतील गिलावा वा रंग ज्याचा त्याने पाहावयाचा.

दोन ठिकाणी हा कारभार अडखळे. पहिले स्थान खर्चमर्यादेचे. दर चौरस मीटरला किती खर्च करता येईल याची कमाल मर्यादा कायद्याने घातली होती. ती ओलांडली जात असेल तर वरचा खर्च रहिवाशांनी सोसावा, अन्यथा इमारत दुरुस्तीपलीकडची समजावी, असा नियम होता. मर्यादा वेळोवेळी वाढविली गेली तरी बाजारभाव तिच्या पुढेच राही. अशा स्थितीत जी इमारत सर्वांत जीर्ण आणि जिच्यातील रहिवासी सर्वांत निर्धन, तीच साहाय्यास अपात्र ठरण्याचा संभव अधिक होता.

दुसरे स्थान संक्रमण शिबिराचे. मोठ्या दुरुस्तीसाठी वा पुनर्रचनेसाठी बिऱ्हाडे हलवावी लागत. त्यांच्यासाठी उभारलेल्या शिबिरांतील अनेक, बेटाबाहेर उपनगरांत होती. तात्पुरत्या वास्तव्यासाठी गेलेली कुटुंबे तेथे दशकानुदशके राहिली. मुलांच्या शाळा बदलल्या, कामाची जागा दूर पडली, आणि मूळ चाळीच्या जागी नवी इमारत उभी राहिली तरी तीत सर्वांना सामावता येईना. अशा रहिवाशांसाठी मंडळाला बृहद्सूची नावाची स्वतंत्र यादी ठेवावी लागली. 'संक्रमण' या शब्दाचा अर्थ व्यवहाराने किती पालटला, याचे हे बोलके उदाहरण होय.

संस्थात्मक दृष्ट्या या मंडळाची दोन स्थित्यंतरे झाली. १९७६ च्या अधिनियमानुसार डिसेंबर १९७७ मध्ये महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, म्हणजेच म्हाडा, अस्तित्वात आले आणि दुरुस्ती मंडळ त्यात विलीन झाले. पुढे १९९२ मध्ये मुंबईपुरते स्वतंत्र दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ म्हाडाच्याच छत्राखाली पुन्हा वेगळे करण्यात आले.

दरम्यान धोरणाचा रोख दुरुस्तीकडून स्वामित्वाकडे वळत होता. १९८६ साली म्हाडा अधिनियमात आठवा-अ हा भाग घालण्यात आला. त्यान्वये इमारतीतील ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केल्यास, मासिक भाड्याच्या शंभर पट मोबदला मालकास देऊन ती इमारत संस्थेसाठी संपादन करण्याची तरतूद झाली. जो राहतो त्यानेच राखावे आणि राखता यावे म्हणून त्यालाच मालक करावे, हा त्यामागील विचार. मालकांच्या संघटनेने या तरतुदीस आव्हान दिले. हा वाद १९९२ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे राहिला आणि कालांतराने नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी त्या पीठाने बहुमताने असा निर्णय दिला की, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही संविधानाच्या ३९ (ब) अनुच्छेदातील समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. गिरगाव-भुलेश्वरच्या चाळींच्या कुजलेल्या तुळयांपासून निघालेला प्रश्न अशा रीतीने मालमत्तेच्या घटनात्मक स्वरूपापर्यंत जाऊन पोचला.

दुसरा मार्ग विकास नियंत्रण नियमावलीचा होता. १९९१ च्या नियमावलीतील ३३ (७) या नियमाने उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासास वाढीव चटईक्षेत्र दिले; १९९९ मध्ये ते अडीचपर्यंत वाढविण्यात आले आणि रहिवाशास किमान २२५ चौरस फुटांचे घर देण्याचे बंधन आले. यायोगे खर्च शासनाच्या तिजोरीतून न होता वरच्या मजल्यांच्या विक्रीतून निघू लागला. पण विकासक जमिनीची किंमत पाहूनच येतो. जेथे भूखंड लहान, गल्ली अरुंद वा भाडेकरू फार, तेथे तो फिरकत नाही. भाडेकायद्याच्या बाबतीतही विलंब झाला. गोठलेले प्रमाण भाडे न्यायसंगत राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने वार्षिक ४ टक्के वाढ मान्य केली. परंतु ही वाढ जुन्या भाड्याच्या पायावरच होत असल्याने तीतून तुळई बदलण्याइतका पैसा उभा राहणे अशक्यच होते.

या विलंबाची किंमत मोजावी लागली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ती धोकादायक म्हणून पूर्वीच घोषित झालेली होती. १९६९ पूर्वीची नोटीस आणि २०१७ ची घोषणा यांत एक दुःखद साम्य दिसते: दोहोंनीही धोका सांगितला, परंतु तेवढ्याने इमारत रिकामी झाली नाही. २०२० साली संमत झालेल्या व २०२२ मध्ये राष्ट्रपतींची मान्यता मिळालेल्या दुरुस्तीने म्हाडा अधिनियमात ७९-अ हे कलम आले. पुनर्विकासाची संधी प्रथम मालकास, नंतर रहिवाशांच्या संस्थेस, प्रत्येकी ठराविक मुदतीत द्यावी आणि दोघेही न सरसावल्यास म्हाडाने काम हाती घ्यावे, असा क्रम त्यात घातला गेला.

या इतिवृत्तावरून दोन निष्कर्ष काढता येतील. पहिला असा की, घरदुरुस्तीचे साहाय्य हे केवळ निधीवाटपाचे काम नसून जबाबदारी निश्चित करण्याचे काम आहे. मालक, भाडेकरू व शासन या तिघांनी मुंबईच्या चाळींवर आपापला हक्क सांगितला. दुरुस्तीचे कर्तव्य मात्र एकाकडून दुसऱ्याकडे सरकत राहिले. दुसरा असा की, मंडळाच्या कार्याचे मूल्यमापन करताना कोसळलेल्या इमारतींबरोबर न कोसळलेल्याही मोजल्या पाहिजेत. लोखंडी तुळयांच्या आधारावर ज्या चाळी आणखी तीस-चाळीस वर्षे उभ्या राहिल्या, त्यांतील बिऱ्हाडांना नगराच्या मध्यभागी, कामाच्या व शाळेच्या जवळ राहता आले. वर्तमानपत्रांत इमारत पडल्याची वार्ता येते. उभी राहिल्याची येत नाही. विभागीय कार्यालयांतील पाहणीवृत्ते, खर्चाची पत्रके आणि संक्रमण शिबिरांच्या नोंदवह्या ही या दृष्टीने मोलाची साधने होत. त्या इमारतींबरोबर हे कागदही नष्ट होण्यापूर्वी त्यांचे जतन व अभ्यास होणे आवश्यक आहे. मुंबईच्या सामान्य जनांचा गृहेतिहास त्यांवाचून लिहिता यावयाचा नाही.