गिरींच्या आधी कोण?

क्विझमधला एक ठरलेला प्रश्न आहे. सिलोनमधले भारताचे पहिले हायकमिशनर कोण? उत्तर : व्ही. व्ही. गिरी, १९४७. पुढे राष्ट्रपती झाले तेच. उत्तर बरोबर, पूर्ण मार्क!

पण गिरींच्या आधी चार वर्षं तिथे भारताचं काम बघणारा माणूस आमच्या यवतमाळ जिल्ह्यातला, वणीचा होता. माधव श्रीहरी अणे, म्हणजे आमचे लोकनायक बापूजी अणे. यवतमाळात त्यांच्या नावाचं महिला महाविद्यालय आहे. १९३० चा पुसदचा जंगल सत्याग्रह आम्हाला ऐकून ऐकून पाठ झालेला. सिलोनचं मात्र कुणीच सांगत नाही. का सांगत नाही, हे शोधायला बसलो आणि अख्खा शनिवार गेला.

आधी थोडी पार्श्वभूमी. देश पारतंत्र्यात, मग त्याचा वकील परदेशात कसा? तर होता. जिथे भारतीय मजूर मोठ्या संख्येनं गेले, तिथे त्यांची विचारपूस करायला दिल्ली सरकार आपला एजंट ठेवी. १९२२ च्या कायद्यानं ही सोय झाली. सिलोनच्या चहामळ्यांत राबणारे लाखो तमिळ मजूर हे एजंटचं मुख्य काम. मजुरी, राहण्याच्या खोल्या, मुकादमाची देणी. १९२७ मध्ये तिथे किमान मजुरीचा कायदाही झाला. दुसऱ्या महायुद्धात पदं जरा भारदस्त झाली. गिरिजाशंकर बाजपेयी १९४१ मध्ये वॉशिंग्टनला आणि जफरुल्ला खान १९४२ मध्ये चीनमध्ये एजंट-जनरल म्हणून गेले. पण नेमणारे व्हाइसरॉयच.

सिलोनचं दुखणं वेगळं होतं. तिथे १९३१ पासून प्रौढ मताधिकार होता आणि मळ्यातल्या तमिळांच्या मतांची सिंहली पुढाऱ्यांना धास्ती होती. १९३९ मध्ये तिथल्या सरकारनं रोजंदारीवरच्या भारतीयांना कामावरून काढायला सुरुवात केली. नेहरू जाऊन आले, उपयोग झाला नाही. भारतानं अकुशल मजुरांना तिकडे जायला बंदी घातली. १९४१ मध्ये एक करार ठरला, तोही अमलात आला नाही.

आता अणे. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. खातं कोणतं? परदेशस्थ भारतीयांचं. म्हणजे सिलोनची फाईल त्यांच्याच टेबलावर. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी आणि सगळे काँग्रेस नेते पकडले गेले, तेव्हा हे सरकारात. चिमूरच्या अत्याचारांची चौकशी करा म्हणून प्रा. भन्साळी उपोषणाला बसले ते दिल्लीत अण्यांच्याच दारात. चिमूर म्हणजे वणीच्या शेजारचा चांदा जिल्हा हो! फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचं २१ दिवसांचं उपोषण सुरू झालं, तेव्हा मात्र अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले.

गोष्ट इथे संपली असती तर पाठ्यपुस्तकात शोभली असती. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अणे त्याच सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले. गांधीजी अजून कैदेतच. मला वाटतं, सांगताना अडखळायला होतं ते इथेच.

मीही अडखळलो. मग आठवलं की अणे मुळात टिळकांच्या मुशीतले, प्रतियोगी सहकारवाले. जे मिळतं ते घ्या, त्यातून जे साधतं ते साधा. वऱ्हाड-नागपूरकडे ही रीत चांगलीच रुजलेली. अण्यांच्याच पंथातले रामराव देशमुख १९४५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हायकमिशनर झाले. तिथे भारतीयांवर जमीनबंदीचा कायदा आला तेव्हा १९४६ मध्ये त्यांना परत बोलावून घेतलं गेलं.

मग अण्यांना सिलोनमध्ये काय साधलं? खरं सांगायचं तर साधण्यासारखं फार थोडं होतं. वकील कितीही हुशार असो, दोन्ही पक्षकारांचा मालक एकच, लंडन! त्यांच्याच काळात सोलबरी कमिशन आलं आणि सिलोनच्या स्वराज्याचा आराखडा ठरला. नागरिक कोणाला म्हणायचं हा प्रश्न नव्या राज्यकर्त्यांच्या हाती राहिला. १९४६ मध्ये नेव्ह्समायर मळ्याची जमीन सरकारनं गावकऱ्यांसाठी घेतली, तिथल्या तमिळ मजुरांना घरं सोडायच्या नोटिसा आल्या आणि मोठा संप झाला. पुढच्या पानावर काय आहे ते तिथेच दिसत होतं.

१९४७ मध्ये अणे परतले, १९४८ मध्ये बिहारचे राज्यपाल झाले. सिलोनला गिरी गेले. स्वतंत्र देशाचे वकील, शिवाय स्वतः मुरलेले कामगार पुढारी. याहून योग्य माणूस कुठून आणणार? तरीही १९४८ मध्ये सिलोनचा नागरिकत्व कायदा आला आणि मळ्यातले बहुतेक तमिळ कुठल्याच देशाचे राहिले नाहीत. १९६४ मध्ये शास्त्री-सिरिमाओ करार झाला. एकूण ९,७५,००० माणसं. त्यांतली ५,२५,००० भारतानं घ्यायची, ३,००,००० सिलोननं, उरलेल्यांचं नंतर बघू. त्या माणसांना कुणी विचारलंच नाही. अणे तेव्हा नागपूरचे खासदार होते. शेवटची गाठ सुटली २००३ मध्ये, श्रीलंकेच्या नव्या कायद्यानं.

म्हणून अण्यांना 'इंग्रजांची नोकरी धरली' एवढं म्हणून निकालात काढणं मला जमत नाही. आक्षेप खरा आहे, तो खोडत नाही. पण परक्या सरकारचा वकील त्या मजुरांना वाचवू शकला नाही, आणि आपल्या सरकारचाही नाही. वकील सरकारचा असतो. मळ्यात पानं खुडणाऱ्या बाईचा तो झाला तर झाला. अण्यांची खुर्ची निदान तिच्यासाठी म्हणून निर्माण झालेली होती, आणि तिची फाईल त्यांनी आधीच वाचलेली होती.

असो. पुढच्या वेळी क्विझमध्ये तो प्रश्न आला तर उत्तर गिरीच द्या. मार्क जातील उगाच :) पण मनात वणीचं नाव घ्या.