एकाला चार

१९६८ सालचा आठवडी बाजार. मराठवाड्यातल्या या गावात तुम्ही एस.टी.तून उतरता. धोतराला धूळ, काखेत वही. शाखा चालेल का, ते पाहायला बँकेनं तुम्हाला धाडलंय.

आडतीवर जाऊन तुम्ही उलाढाल विचारता. पावसाळ्यात रस्ता चालू राहतो का? पोलीस ठाणं किती कोसांवर? वीज? तिजोरी ठेवायला दगडी भिंतींची खोली? ठेवी ठेवील असं कोण, तर आडत्या आणि शाळेतले गुरुजी. आडत्याचा पैसा त्याच्याच धंद्यात फिरतो. गुरुजींच्या पगारावर रोखपालाचाही पगार निघणार नाही. वहीच्या तळाशी तुम्ही लिहिता : तूर्त परवडणार नाही.

परतीच्या गाडीची वाट बघताना एक म्हातारा शेजारी टेकतो. "सायब, ब्यांक येनार का?" तुम्ही वही मिटता. पेरणी तोंडावर आहे; तो उठून सावकाराच्या ओट्याकडे चालू लागतो. १९५४च्या ग्रामीण पतपाहणी अहवालात हेच आकड्यांत आहे : शेतकऱ्यानं काढलेल्या शंभर रुपयांच्या कर्जात व्यापारी बँकांचा पुरता एक रुपयाही नव्हता.

१९७८. तोच स्टँड, तुम्हीच. मधल्या काळात, १९ जुलै १९६९ला, चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालंय. तेव्हा देशातल्या ८,२६२ शाखांपैकी खेड्यांत होत्या जेमतेम १,८३३. आणि गेल्या वर्षापासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे : बँक असलेल्या ठिकाणी एक शाखा हवी, तर बँक नसलेल्या ठिकाणी चार उघडा. तुमच्या बँकेला शहरात शाखा हवीय. म्हणून आज तुम्ही पहिला प्रश्न विचारता तो जवळची बँक किती लांब आहे, हा. ठेवींचा प्रश्न मागे पडलाय. दगडी खोली मात्र लागणारच. ती पाटलांच्या वाड्यात भाड्यानं मिळते.

पहिल्या दिवशी तो म्हातारा येतो. तुम्ही त्याचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर टेकवता. कष्टानं रेषा इतक्या झिजल्यात की ठसा दोनदा घ्यावा लागतो. पासबुक तो टोपीखाली ठेवतो.

१९९०. देशातल्या शाखा साठ हजारांच्या घरात, निम्म्याहून अधिक खेड्यांत. पण लेजरमध्ये थकबाकीही साचलीय, आणि अनेक ग्रामीण शाखा तोट्यात आहेत. तो तोटा खरा आहे. याच वर्षी एकाला चारचा नियम जातो. शेजारच्या गावच्या शाखेचा प्रस्ताव तुमच्या टेबलावर येतो आणि तुम्ही पुन्हा ठेवींपासून मोजायला लागता.

तेवढ्यात टोकनची खिडकी वाजते. म्हाताऱ्याची नात पीककर्जाचा हप्ता भरायला आलीय. पासबुक आजोबांचंच, घामानं कडा काळ्या पडलेलं. अंगठ्यासाठी तुम्ही शाईचं पॅड पुढे सरकवता. ती ते बाजूला करते आणि पेन मागते.